बंपरवरचा मृग

कराड मागं पडलं की हायवेच्या दोन्ही अंगांना ऊस सुरू होतो. मे महिन्याचा शेवट असतो, वळवाचा एखादा दणका होऊन गेलेला असतो, काच खाली केली की तापून भिजलेल्या मातीचा वास गाडीत भरतो. दिवस मावळतो, मी हेडलाइट लावते आणि कासेगावच्या अलीकडे-पलीकडे कधीतरी पहिला आवाज येतो. टक्. कुणी चिंचोका फेकून मारावा तसा. मग दुसरा, तिसरा. पेठनाका येईपर्यंत मोजणं सुटलेलं असतं.

तो चिंचोका म्हणजे हुमणीचा भुंगेरा. रंगानंही तसाच, तांबूस तपकिरी, आणि आकारानंही साधारण तेवढाच. हुमणी म्हटलं की उसवाल्याच्या डोळ्यांसमोर येते ती तिची अळी: पांढरी, जाड, अर्धगोल वळून मातीत बसलेली, उसाच्या मुळ्या कुरतडणारी. पण त्या अळीचा पुढं भुंगेरा होतो, मातीतच दबून राहतो आणि वळवाचं पाणी जमिनीत मुरलं की तिन्हीसांजेला वर येतो. तिथून तो उडतो ते थेट कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर. रात्री पाला खायचा, तिथंच जोड्या जमायच्या आणि उजाडायच्या आत परत मातीत शिरायचं. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. उसाचं रान एका बाजूला, बांधावरचा कडुनिंब दुसऱ्या बाजूला आणि मधून आमचा हायवे. ज्यांची वाट नेमकी माझ्या गाडीसमोरून जाते, ते बंपरवर येतात.

दुसरी जात मऊ. पंख फुटलेल्या वाळव्या. पहिल्या पावसानंतर वारुळातून, जमिनीच्या भेगांतून त्या हजारांनी उठतात आणि उजेडाकडे धावतात. मुंगीला मरणकाळी पंख फुटतात असं आपण म्हणतो, ते वाळवीलाही लागू पडतं. उठलेल्या थव्यातल्या एखाद-दुसऱ्या जोडीचंच नवं वारूळ होतं, बाकीच्या पाली, बेडूक, पाखरं आणि आमच्यासारख्यांच्या गाड्या यांच्या वाट्याला जातात. लहानपणी घरात वाळव्या शिरल्या की आई सगळे दिवे मालवायची, एकच बल्ब चालू ठेवायची आणि त्याच्याखाली पाण्यानं भरलेली परात. सकाळी परातीत पंखांची साय धरलेली असायची. आता तीच साय माझ्या काचेवर धरते. पंख अभ्रकासारखे चिकटून राहतात आणि अंगातला पांढुरका रस काचेवर पसरतो.

इथं पहिली चूक वायपरची होते. आपण घाबरून वायपर मारतो, आणि जे ठिपके होते त्यांचा सबंध काचेवर लेप होतो. समोरून येणाऱ्या ट्रकचा लाइट त्या लेपात फुटतो, आणि दोन-तीन सेकंद रस्ता दिसतच नाही. ऐंशीच्या वेगात दोन-तीन सेकंद म्हणजे पन्नास-साठ मीटर आंधळी गाडी. म्हणून आता मी वायपरला हातच लावत नाही. थोडा वेग कमी करते, पुढच्या पेट्रोल पंपावर थांबते, बाटलीतलं पाणी ओतून ओल्या फडक्यानं काच पुसते आणि मगच निघते. काच रंगाइतकी नाजूक नसते, तिला थोडं जोरानं घासलं तरी चालतं. जपायचं ते बॉनेट, बंपर आणि हेडलाइट. हेडलाइटचं झाकण काचेचं दिसलं तरी आजच्या गाड्यांत ते प्लॅस्टिकचं असतं आणि त्यावर पातळ संरक्षक थर असतो. तो एकदा घासून गेला की लाइट पिवळट, धुरकट दिसायला लागतो.

हे सगळं मला आधी ठाऊक नव्हतं. गाडी घेतली त्या वर्षी मी ती खराब केली.

गडद निळी गाडी, माझ्या स्वतःच्या पगारातून हप्ते जाणारी. आमच्या घरात ट्रॅक्टर होता, मोटारसायकली होत्या, चारचाकी कधी नव्हती. मी एकटी पुण्याहून चालवत रात्री नऊला गावात पोचले, आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आप्पांनी बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं. बंपरकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी उशिरा उठले आणि बाहेर येऊन बघते तर गाडीचं सगळं तोंड किड्यांनी माखलेलं. ऊन बाराचं होतं. अंगणात सावली नव्हती. बॉनेटवर तळहात टेकवत नव्हता. मला तिची लाज वाटली, म्हणजे तिच्या वतीनं वाटली. पाहुणे बघायला येणार होते. मी बोअरच्या पाण्याची बादली घेतली, भांड्यांचा साबण घेतला, स्वयंपाकघरातली हिरवी घासणी घेतली आणि जीव लावून घासलं. जितकं वाळलेलं तितका जोर.

ओली असेपर्यंत गाडी लख्ख दिसली. वाळली तसे बॉनेटवर गोल-गोल ओरखडे उमटले, उन्हात कोळ्याचं जाळं दिसावं तसे. आणि किडे निघाले होते तिथं बोटाच्या पेराएवढे निस्तेज ठिपके राहिले होते, पाणी वाळून डाग पडावा तसे, पण पाण्यानं न जाणारे. मी पडवीत जाऊन बसले आणि मला रडू आलं. आप्पा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं येऊन एवढंच म्हणाले, "पत्रा शाबूत हाय न्हवं? मग झालं."

पुण्याला परतल्यावर आमच्या भागातल्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात गेले. तिथले पेंटरकाका वयस्क, हाताच्या चिरांत रंग मुरलेला. त्यांनी बॉनेटवर नख हलकेच आडवं फिरवलं. दोन ठिकाणी ते अडकलं, बाकी ठिकाणी सरळ गेलं. नख अडकलं म्हणजे चरा खोल, सरळ गेलं म्हणजे वरच्या वर. मग त्यांनी मला रंगवायला आलेल्या एका दाराची कड दाखवली, जिथं थर सुटे दिसत होते. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर बिनरंगाचं लॅकर. आपण ज्याला रंगाची चमक म्हणतो ती त्या लॅकरची असते. कारखान्यातून येतात ते सगळे थर मिळून जाडी साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा थोडं जास्त. त्यातलं लॅकर चाळीस-पन्नास मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस त्याहून जाड असतो. मी हिरवी घासणी फिरवली ती केसापेक्षा पातळ अशा थरावर.

आणि घासणी एकटीच नव्हती. भुंगेऱ्याचं कवच कायटिनचं, चांगलं कठीण. ते वाळून चुरा झालं की त्याचे कण वाळूसारखे वागतात. कोरडं घासलं की आपण त्या कणांनीच रंग घासत असतो. ठिपक्यांचं कारण वेगळं. किड्याच्या अंगातल्या रसात प्रथिनं असतात, आम्ल असतं. सावलीत, गार पत्र्यावर त्याला वेळ लागतो. पण उन्हात गडद रंगाचं बॉनेट साठ अंशांच्या वर जातं, लॅकर तापून किंचित मऊ पडतं, वर रस आटून घट्ट होत जातो आणि लॅकरला धरून बसतो. संध्याकाळी पत्रा गार होतो, लॅकर आखडतं आणि त्या जागी खड्डा राहतो. पाखरांच्या विष्ठेनं होतं तेच. म्हणून रात्रीचे किडे सकाळच्या उन्हाआधी काढायचे. दुपार झाली की नुकसान सुरू झालेलं असतं.

मी काकांना म्हटलं, रबिंग मारून सगळं काढून टाका. ते नको म्हणाले. रबिंग म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं लॅकर उतरवणं. वरवरचे गोल ओरखडे त्यांनी हलक्या पॉलिशनं घालवले. जिथं नख अडकलं होतं ते दोन चरे तसेच ठेवले. "ताई, ते घालवायचं तर लॅकर फार पातळ होईल. आज चमकंल, दोन-तीन उन्हाळ्यांनी पापुद्रा सुटंल." त्या बोलण्यावर मी विश्वास ठेवला आणि आजही मला तो बरोबर वाटतो. सहज पैसे घेऊन त्यांनी ते काम केलं असतं, मला कळलंही नसतं.

पुढच्या वर्षीपासून मी त्यांनी सांगितलं तसं करते. खरं सांगायचं तर त्यात करण्यासारखं फारच थोडं आहे. रात्री पोचले की गाडी गोठ्याच्या छपराखाली लावायची, इंजिन गार होऊ द्यायचं. दोन जुने पंचे घ्यायचे, सुती, मऊ झालेले, झटकून घेतलेले. बादलीत कोमट पाणी आणि झाकणभर गाडीचा शॅम्पू. भांड्यांचा साबण नाही, कारण तो रंगावरचं वॅक्स धुऊन काढतो. आधी बंपरवर नुसतं पाणी सोडायचं, म्हणजे धूळ जाते. मग भिजलेले पंचे, न पिळता, बंपरवर आणि बॉनेटच्या पुढच्या हातभर पट्ट्यावर पसरायचे आणि सोडून द्यायचे. पंधरा मिनिटं. मधे वाळतोय असं वाटलं तर वर तांब्याभर पाणी. आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "तापात कपाळावर पट्ट्या ठेवतात तसंच की गं हे." अगदी तसंच. पट्टी ठेवून कुणी कपाळ घासत बसत नाही.

पंधरा मिनिटांनी पंचा उचलताना निम्मे किडे पंच्यालाच चिकटून येतात. बाकीचे मायक्रोफायबरच्या ओल्या फडक्यानं, फडक्याच्या स्वतःच्या वजनाएवढाच दाब देऊन, उचलायचे. पुसायचं नाही, टिपायचं. शाई सांडली की आपण टिपकागद ठेवायचो तसं. फडक्याची घडी दर वेळी बदलायची, कारण मघाचे कवचाचे तुकडे त्यात बसलेले असतात. जे हलत नाही त्यावर पुन्हा पट्टी. तिसऱ्या पट्टीलाही न हललेला किडा मी आजवर एकदाच पाहिला आहे, आणि तो दोन दिवसांचा जुना होता. बाजारात किडे काढायचे स्प्रेही मिळतात, काही चांगले असतात, पण तेही गार पत्र्यावर मारायचे आणि वाळायच्या आत धुऊन टाकायचे. जाळीच्या आत, कंडेन्सरच्या पात्यांत अडकलेल्या किड्यांना वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली धरायचं नाही. ती पाती कागदासारखी पातळ, लगेच वाकतात आणि मग एसी गार करत नाही. साध्या नळीनं हलकं पाणी सोडलं की पुरतं.

शेवटचं काम आमच्या भागातल्या माणसानं विसरून चालणार नाही. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन-देऊन जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि आमच्या बोअरचं पाणीही खारं आहे. ते गाडीवर वाळलं की पांढरे गोल डाग पडतात, आणि त्यांना काढायला पुन्हा घासावं लागतं. म्हणून धुऊन झालं की लगेच कोरड्या पंच्यानं टिपून घ्यायचं. निघायच्या आदल्या दिवशी पुण्यात बंपर आणि बॉनेटच्या त्याच पुढच्या पट्ट्यावर वॅक्सचा हात द्यायचा. मग किडा लॅकरला न चिकटता वॅक्सला चिकटतो आणि एका पट्टीत सुटतो.

आप्पांनी मला डिझेलचा बोळा सुचवला होता. ट्रॅक्टरला ते तसंच करतात, ट्रकवालेही करतात. डिझेलनं किडा सुटतो हे खरं आहे. पण मागं तेलकट थर राहतो, त्यावर धूळ बसते, आणि रबराच्या पट्ट्या हळूहळू फुगतात. मी हे सांगितलं तेव्हा आप्पांनी मान डोलावली आणि पुन्हा कधी बोळ्याचं नाव काढलं नाही. माझ्या गाडीबाबत माझा शब्द शेवटचा, हे त्यांनी तेव्हापासून धरलेलं आहे.

त्या पंधरा मिनिटांत काय करायचं, हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता. आप्पांना तो पडला नाही. ते बॅटरी घेऊन आले आणि बंपरसमोर उकिडवे बसले. पंचा टाकायच्या आधी त्यांना बघायचं होतं. एकेक किडा ते बॅटरीच्या उजेडात निरखत होते, जाळीतला एक भुंगेरा नखानं अलगद सोडवून तळहातावर घेतला, उलटा करून पाहिला.

"हुमणी निघाली गं."

मग विचारपूस. किती वाजता लागायला लागली? कासेगावच्या आधी का नंतर? कराडच्या पुलावर होती का? सातारच्या अंगाला? मी आठवेल तसं सांगत गेले. कोयनेच्या पुलावर नव्हती, कासेगाव सोडल्यावर एकदम वाढली, साडेसात वाजले असतील. आप्पांनी फोन काढून बांधाशेजारच्या दोघांना लावला. हुमणीचा बंदोबस्त एकट्यानं होत नाही. एका रानातले भुंगेरे मारले तरी शेजारच्या रानातले येऊन अंडी घालतात. सगळ्यांनी एकाच रात्री बल्ब लावायचे, कडुनिंबाच्या फांद्या काठीनं हलवून पडलेले भुंगेरे गोळा करायचे, तेव्हा कुठं पुढं ऊस वाचतो. पावसाच्या पहिल्या दोन-तीन रात्री हातच्या गेल्या तर मादी मातीत जाते आणि मग श्रावणात ऊस पिवळा पडायला लागेपर्यंत काही दिसत नाही. पिवळा पडलेला ऊस हातानं ओढला तर सहज उपसून येतो, मुळीच नसते.

आप्पांचा प्रकाश सापळा साधा आहे. तिवईला टांगलेला बल्ब, त्याच्याखाली घमेलं, घमेल्यात पाणी आणि वर थोडं रॉकेल. आता रॉकेल मिळत नाही म्हणून ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. माझ्या गाडीचे हेडलाइट हाही एक सापळाच, फक्त तो साठ-सत्तर किलोमीटरचं रान चाळून येतो. हे मला त्या रात्री, त्यांच्या शेजारी उकिडवं बसल्यावर समजलं. मी ज्याला घाण म्हणून घासून काढत होते, त्यात आमच्या तालुक्याची खबर होती, आणि आप्पांना ती वाचता येत होती. हा भुंगेरा हुमणीचा, हा शेणकिडा, हे पतंग, ही वाळवी. आणि हे हिरवं बारीक तुडतुडं आत्ता कुठलं, हे तर भाताच्या रानात दिवाळीच्या सुमाराला येतं.

बंपरवर किडेच आले नाहीत तर बरं, असं मला एके काळी वाटायचं. मग जर्मनीतल्या क्रेफेल्ड इथल्या हौशी कीटकअभ्यासकांच्या कामाबद्दल वाचलं. १९८९ ते २०१६ अशी सत्तावीस वर्षं त्यांनी त्रेसष्ट संरक्षित जागांवर सापळे लावून उडणारे किडे तोलले, आणि २०१७ साली ते आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा दिसलं की किड्यांचं वजन पाऊण हिश्शाहून जास्त घटलं आहे. संरक्षित जागांवर, रस्त्याकडेला नव्हे. ते वाचल्यापासून कोऱ्या बंपरकडे मी निर्धास्त मनानं पाहू शकत नाही. हुमणी कमी झाली तर आप्पांना हवंच आहे, मलाही हवं आहे. पण पतंग? वाळव्या? उजाडता उजाडता जाळीतले किडे टिपायला गोठ्यात साळुंक्या येतात, बंपरवर बसून माना तिरप्या करून आत चोची घालतात, त्यांचं काय? (चोचीचे ओरखडे पडतात, म्हणूनही मी रात्रीच धुते, पण जाळीतले दोन-चार त्यांच्यासाठी राहतातच.)

आता मे उजाडला की आप्पांचा फोन येतो. कधी येतेस, एवढ्यावर थांबत नाहीत. "मावळतीला कासेगाव ओलांड," असं सांगतात. मी त्या बेतानं पुण्यातून निघते, खंबाटकीला घड्याळ बघते, उंब्रजला चहा घेते, आणि सात-सव्वासातला कराड सोडते.

यंदा पाऊस लवकर झाला होता. पोचले तेव्हा आप्पा बॅटरी घेऊन अंगणातच होते. गुडघे धरल्यामुळे त्यांना आता उकिडवं बसवत नाही, म्हणून आईनं पाट आणून ठेवला होता. मी पंचे भिजवत होते, तोवर त्यांनी डावीकडून उजवीकडे सगळा बंपर पाहून घेतला. हुमणी होती, पण तुरळक. वाळव्या भरपूर. पतंग फक्त दोन. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बॉनेटच्या डाव्या बाजूला राहिलेल्या त्या दोन चऱ्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला, नेहमी फिरवतात तसा, आणि बॅटरी विझवली.

मी पंचे पसरले. आई चहा घेऊन आली. लांब रानात कुणीतरी आधीच बल्ब लावला होता, त्याच्याभोवती किडे फिरत होते ते इथूनही दिसत होतं. आप्पा म्हणाले की कोपऱ्यावरचा कडुनिंब औंदा फार छाटला गेला, तारा आल्या म्हणून. मग त्यांनी त्या झाडाचं सांगायला सुरुवात केली, ते कुणी लावलं, दुष्काळात त्याखाली किती जनावरं बांधली होती. मधेच मी पंच्याला हात लावून पाहिला. उजवीकडचा वाळत आला होता. मी उठून त्यावर तांब्याभर पाणी सोडलं आणि परत येऊन बसले.